कोरड्या नायट्रोजनमधल्या यशावर निधी देऊ नका: हायड्रोजन सेन्सरच्या मूल्यमापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
हायड्रोजन सेन्सरच्या संशोधन प्रकल्पांची छाननी करणाऱ्या आणि त्यांना निधी देणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

महोदय, महोदया,

पॅलेडियम या धातूच्या नॅनोतारांवर, म्हणजे अतिसूक्ष्म तारांवर, चालणाऱ्या हायड्रोजन सेन्सरचे प्रस्ताव आपल्यापुढे येतात, तेव्हा त्यांतली दोन कलमे सहसा कापली जातात. एक, तयार चिप दमट आणि दूषित हवेत कित्येक आठवडे ठेवून तपासण्याचा खर्च. दुसरे, ती चिप जोडून, बंद करून वापरण्याजोगी करण्याचा, म्हणजे पॅकेजिंगचा खर्च. यात नवे ज्ञान नाही, हे उद्योगाने करायचे काम आहे, असे कारण दिले जाते. आम्ही या तारा वाढवणारे, त्यांना जोडण्या देणारे आणि वायूच्या पेटीत बसवून मोजणारे लोक आहोत. ही कापाकापी आम्हाला मान्य नाही. कोणत्याही एका योजनेचे किंवा कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण हा शिरस्ता एका ठिकाणचा नाही. पत्र उघड लिहीत आहोत, कारण या सेन्सरवर ज्यांचा जीव अवलंबून राहील, ती माणसे आपल्या बैठकांना हजर नसतात.

हे आत्ताच का? राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी मिळाली. तिचा एकूण खर्च १९,७४४ कोटी रुपये आहे आणि त्यातले ४०० कोटी संशोधन-विकासासाठी आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही ८,५६२ कोटींचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात स्वदेशी बनावटीची हायड्रोजन फ्युएल सेल बस, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवून चालणारी बस, लोकांसमोर आली. म्हणजे हा वायू कारखान्याच्या कुंपणाबाहेर पडून रस्त्यावर, डेपोत, भरणा केंद्रावर येणार आहे.

त्याला वास नाही, रंग नाही आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत तो पेट घेतो आणि त्यासाठी लागणारी ठिणगी सुमारे ०.०२ मिलिज्यूलची, म्हणजे कपड्यांच्या स्थिर विजेतूनही मिळेल इतकी लहान. घरगुती गॅसमध्ये गळती कळावी म्हणून वासाचे गंधकयुक्त रसायन मिसळतात. फ्युएल सेलच्या हायड्रोजनमध्ये ते मिसळता येत नाही, कारण गंधकाने सेलचा उत्प्रेरक मरतो. त्यामुळे नाकाचे काम सेन्सरलाच करावे लागते.

नॅनोतारांचा आम्ही एवढा आग्रह का धरतो, हेही स्पष्ट सांगतो. पॅलेडियम हायड्रोजन पोटात घेते, हे थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्येच दाखवले होते. स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट वायू हा धातू शोषतो, फुगतो आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. जाड पत्र्यात हायड्रोजन आत शिरायला वेळ लागतो, पण काही दहा नॅनोमीटर जाडीच्या तारेत तो चटकन आरपार पोचतो. २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या रेजिनाल्ड पेनर यांच्या गटाने ग्रॅफाइटच्या पायऱ्यांवर पॅलेडियमच्या तारा वाढवून त्या सायनोॲक्रिलेटच्या थरावर उचलल्या. या तारांतल्या सूक्ष्म फटी हायड्रोजन लागताच धातू फुगून बुजत आणि रोध ७५ मिलिसेकंदांच्या आत घसरत असे. मात्र त्या २ ते १० टक्के हायड्रोजनलाच दाद देत. २ टक्के म्हणजे ज्वलनमर्यादेचा अर्धा टप्पा. सुरक्षेसाठी इतके उशिरा कळून भागत नाही. पुढे याच गटाने अखंड तारा बनवण्याची रीत बसवली, आणि आज आपल्याकडचे बरेचसे प्रस्ताव तिच्यावरच उभे आहेत.

ती रीत थोडक्यात अशी. काचेवर किंवा ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनवर ४० ते ६० नॅनोमीटर जाडीचा निकेलचा थर चढवायचा. त्यावर फोटोरेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने बदलणारा लेप, पसरून मास्कमधून (नक्षीच्या साच्यातून) प्रकाश द्यायचा. उघडे पडलेले निकेल सौम्य नायट्रिक आम्लाने विरघळवायचे आणि थोडा वेळ जास्त ठेवायचे, म्हणजे रेझिस्टच्या कडेखाली काही शे नॅनोमीटर आतपर्यंत निकेल निघून एक आडवी खाच तयार होते. निकेलची उरलेली कड इलेक्ट्रोड म्हणून वापरून त्या खाचेत द्रावणातून विजेच्या साहाय्याने पॅलेडियम बसवायचे. शेवटी रेझिस्ट ॲसिटोनने आणि निकेल पुन्हा आम्लाने काढायचे. तारेची उंची निकेलच्या जाडीवरून ठरते आणि रुंदी किती वेळ धातू बसवला यावरून. इथे द्रावणाला महत्त्व आहे. पॅलेडियम बसताना त्याच वेळी हायड्रोजनही निघू लागला, तर तार आतून ताणलेली आणि ठिसूळ होते, आणि पुढे वायू लागला की तडकते. द्रावणात ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारे रसायन) घातले की तारा वारंवार हायड्रोजन शोषूनही टिकतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तरी नुसत्या पॅलेडियम क्लोराइडच्या द्रावणातून वाढवलेल्या तारांचे प्रस्ताव अजून येतात आणि मंजूर होतात.

४० नॅनोमीटर उंच, १०० नॅनोमीटर रुंद आणि ५० मायक्रोमीटर लांब तारेचा रोध साधारण ३ किलोओहम भरतो. १० मायक्रोॲम्पिअर प्रवाहाला ती मायक्रोवॉटच्या तिसऱ्या हिश्शाइतकी शक्ती घेते. आजच्या उत्प्रेरक सेन्सरमधला पेलिस्टरचा मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, त्याला शेकडो मिलिवॉट लागतात, शिवाय तोच मणी आग लावू नये म्हणून त्याला ज्वालारोधक टोपण हवे. धोक्याच्या जागेत न तापणारा, ठिणगी न टाकणारा, छोट्या बॅटरीवर वर्षानुवर्षे चालणारा सेन्सर ही फार मोठी गोष्ट आहे. पॅलेडियम महाग असल्याचा आक्षेप समित्यांकडून येतो. वर सांगितलेल्या तारेत पॅलेडियम आहे सुमारे २.४ पिकोग्रॅम. खर्च धातूचा नाही. खर्च आहे जोडणीचा, आवरणाचा आणि तपासणीचा, म्हणजे आपण जी कलमे कापता त्यांचाच.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार मोजपट्टीबद्दल आहे. सर्वांत कमी किती पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांतले भाग) हायड्रोजन ओळखता येतो, या एका आकड्यावर प्रस्तावांची क्रमवारी लागते. सुरक्षेचा गजर साधारणपणे किमान ज्वलनमर्यादेच्या १० ते २५ टक्क्यांवर, म्हणजे ४,००० ते १०,००० पीपीएमवर लावला जातो. २ पीपीएम ओळखणारी तार कौतुकाची आहे, पण भरणा केंद्रावरच्या माणसाला हवा आहे ४,००० पीपीएमला न चुकता, लवकर आणि खोट्या गजराशिवाय बोलणारा सेन्सर. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने अशा सेन्सरसाठी एका सेकंदाच्या आत प्रतिसाद हे उद्दिष्ट ठेवले आहे. शिवाय तो २ पीपीएमचा आकडा बहुतेक वेळा कोरड्या नायट्रोजनमध्ये मिळवलेला असतो, आणि कोरड्या नायट्रोजनमध्ये कोणी श्वास घेत नाही.

हवेत काय होते? पॅलेडियमच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन आधीच बसलेला असतो. हायड्रोजनचा रेणू तिथे फुटला की त्याचा बराच भाग ऑक्सिजनशी जुळून पाणी होतो आणि धातूच्या आत शिरायला कमी उरतो. म्हणून जी तार नायट्रोजनमध्ये एक-दोन पीपीएम दाखवते, तिला हवेत शेकडो पीपीएम लागतात. वेगही कोसळतो. अर्व्हाइनचा गट आणि दक्षिण कोरियातले संशोधक यांनी २०१७ मध्ये दाखवले की हवेतल्या १ टक्का हायड्रोजनला उघडी तार मिनिटांच्या हिशेबाने प्रतिसाद देते, आणि तिच्यावर झेडआयएफ-८ या सच्छिद्र पदार्थाचे आवरण वाढवले की तोच प्रतिसाद काही सेकंदांवर येतो, कारण लहान हायड्रोजन आत जातो आणि मोठे रेणू मागे राहतात. हे आवरण म्हणजेच पॅकेजिंगची पहिली पायरी. त्यात नवे ज्ञान नाही असे आपण कोणत्या आधारावर ठरवता?

दुसरी तक्रार तापमानाची. पॅलेडियमचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वाढतो. १ टक्का हायड्रोजनमुळे होणारा बदल काही टक्क्यांचाच असतो. सोलापूर किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात बसच्या टपावरची पेटी सकाळपासून दुपारपर्यंत २० अंशांनी तापली, तर रोध नुसत्या उन्हाने ६ ते ८ टक्के वर जाईल आणि गळती नसताना गजर वाजेल. खोटा गजर चार वेळा वाजला की चालक वायर काढून ठेवतो, आणि तिथून पुढे सेन्सर असून नसल्यासारखा. उलट बाजूचा धोका यापेक्षा मोठा आहे. गरम पॅलेडियममध्ये हायड्रोजन कमी विरघळतो, म्हणजे दुपारच्या उन्हात तेवढ्याच गळतीचा संकेत बारीक होतो. यावर उपाय आहे. एकाच चिपवर दोन तारा घ्यायच्या, एक उघडी आणि दुसरी सिलिकॉन नायट्राइडच्या दाट थराखाली. दोन्ही व्हीटस्टन ब्रिजमध्ये (रोधांतला फरक मोजणाऱ्या मंडलात) लगतच्या भुजांत ठेवायच्या, म्हणजे उन्हाचा परिणाम दोघींवर सारखा होऊन वजा होतो. शेजारी तापमापक तार घ्यायची आणि निदान तीन तापमानांवर कॅलिब्रेशन (ज्ञात मिश्रणाशी वाचन जुळवणे) करायचे, म्हणजे कमी विरघळण्याचा हिशेबही बसतो. मात्र एवढे करायला वेळ लागतो आणि त्यातून एकच शोधनिबंध निघतो. २५ अंशांवरच्या वातानुकूलित खोलीत तेवढ्या वेळात तीन निघतात, आणि आपल्या तक्त्यात तीनला एकापेक्षा जास्त गुण आहेत.

१ ते २ टक्क्यांच्या आसपास एक वेगळीच अडचण सुरू होते. तिथे पॅलेडियम एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते आणि त्याचे आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढते. चढताना आणि उतरताना वाचन वेगळे येते, काचेवरची पकड सुटते, तार उचलली जाते. तारेखाली टायटॅनियम किंवा क्रोमियमचा काही नॅनोमीटरचा थर दिला तर पकड सुधारते. निकेल, चांदी किंवा सोने मिसळून मिश्रधातू केला तर ही उडी मंदावते, पण संवेदनशीलता थोडी घटते. पीपीएमच्या शर्यतीत अशी तार मागे पडते आणि प्रस्ताव गळतो. प्रत्यक्ष गळतीत मात्र तीच टिकेल.

दूषित हवेबद्दल. कार्बन मोनॉक्साइड पॅलेडियमला घट्ट चिकटतो आणि हायड्रोजनच्या वाटा अडवतो, आणि डिझेल बस याच डेपोत उभ्या असणार. हायड्रोजन सल्फाइड त्याहून वाईट, कारण त्याने पृष्ठभागावर सल्फाइड तयार होते आणि ते सहजी जात नाही. मुंबईत नाल्याकाठच्या घरांत चांदी काळी पडते, एसीच्या तांब्याच्या नळ्या गळू लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तीच हवा काही दहा नॅनोमीटरच्या तारेला लागणार. चांदीच्या नॅनोतारा हीटर किंवा इलेक्ट्रोड म्हणून सुचवणाऱ्यांनी तर हे आधी तपासायला हवे. कोकणातल्या पावसाळ्यात ९० टक्क्यांवरची आर्द्रता आणि खारा वारा एकत्र आले की दोन जोडण्यांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, त्यातून प्रवाह झिरपतो, आणि सेन्सर हळूहळू खोटे बोलू लागतो. पीटीएफईची (टेफ्लॉनची) पडदी लावली तर थेंब अडतात आणि वायू जातो, पण प्रतिसाद किती मंदावतो हे पडदीसह मोजल्याशिवाय कळत नाही. कडा बंद करायला सिलिकोनचे सीलंट वापरू नये, कारण त्याची वाफ उत्प्रेरक पृष्ठभाग मारते. वाफ न सोडणारे इपॉक्सी वापरावे. ही माहिती शोधनिबंधांत क्वचित सापडते, कारण ती मिळवायला लागणारे महिने कोणी देत नाही.

जोडणीच्या टप्प्यावर चिपा कशा मरतात, हेही समित्यांना माहीत असावे. माणसाच्या बोटावरची स्थिर वीज एका स्पर्शात तार उडवते. म्हणून चिपवरचे सगळे पॅड (तारा जोडण्याच्या धातूच्या जागा) कडेच्या धातूच्या कड्याने एकमेकांना जोडलेले ठेवायचे, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा, २५ मायक्रोमीटर सोन्याची तार जोडून झाल्यावरच ते कडे कापायचे. तार शाबूत आहे का हे पाहायला हाताशी असलेला साधा मल्टिमीटर लावणे हा नेहमीचा अपघात आहे. रोधाच्या खालच्या पल्ल्यावर तो १ मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह सोडतो. एवढ्या तारेत ती घनता चौरस सेंटिमीटरला अडीच कोटी ॲम्पिअर होते आणि तार वितळते. चार टोकांनी, काही मायक्रोॲम्पिअरवरच मोजायचे. प्रशिक्षित तंत्रज्ञाचे पद प्रस्तावातून कापले, की हे शिकलेला माणूस प्रयोगशाळेत टिकत नाही आणि नवा विद्यार्थी पहिल्या दहा चिपा जाळून तेच शिकतो.

आणखी एक तक्रार, वेगाच्या दाव्यांबद्दल. एक लिटरच्या पेटीत मिनिटाला २०० मिलिलिटर वायू सोडला तर पेटीतली हवा बदलायलाच पाच मिनिटे लागतात. त्या मोजणीतून सेन्सरचा वेग कळत नाही, पेटीचा कळतो. उलट, सिरिंजने शुद्ध हायड्रोजन थेट तारेवर फवारून मिळवलेला मिलिसेकंदांचा आकडाही खरा नाही. २० ते ५० मिलिलिटरची पेटी, मिनिटाला ५०० मिलिलिटर प्रवाह, आणि हवेत २ टक्के हायड्रोजन असलेले तयार मिश्रण घ्यावे. ते ज्वलनमर्यादेच्या खाली असल्याने प्रयोगही सुरक्षित राहतो. प्रस्तावात पेटीचे आकारमान आणि प्रवाह लिहिलेला नसेल, तर वेगाच्या दाव्याला एकही गुण देऊ नये.

आमच्या मागण्या अशा आहेत.

छाननीच्या तक्त्यातून किमान पीपीएमचा स्वतंत्र रकाना काढून टाका. त्याजागी हे विचारा: ४,००० पीपीएम हायड्रोजनला, ऑक्सिजन असलेल्या हवेत, १०, ३० आणि ५० अंशांवर, १०, ५० आणि ९० टक्के आर्द्रतेत किती सेकंदांत प्रतिसाद मिळतो आणि वायू गेल्यावर वाचन मूळ जागी किती परत येते.

एका सर्वोत्तम चिपवरचे निकाल स्वीकारू नका. दोन वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या मिळून किमान २० चिपा, त्यांतल्या किती चालल्या, किती जोडणीत गेल्या आणि किती चाचणीत, हे अहवालात सक्तीचे करा. अपयशाचा आकडा जास्त असला म्हणून प्रकल्पाला शिक्षा करू नका. तो लपवला तर करा.

प्रत्येक सेन्सर प्रकल्पाच्या निधीत किमान ९० दिवसांच्या चाचणीची तरतूद राखीव ठेवा, आणि त्यातला काही काळ किनारपट्टीच्या पावसाळ्यातला असू द्या. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि अल्कोहोलची वाफ आधी एकेक आणि नंतर एकत्र देऊन पाहावी. स्थिर जागेवरच्या हायड्रोजन शोधक उपकरणांसाठी आयएसओ २६१४२ हे मानक २०१० पासून आहे. निदान त्यातल्या चाचण्यांची नावे तरी प्रस्तावाच्या नमुन्यात यावीत.

पॅकेजिंग आणि तंत्रज्ञाचे पद ही कलमे मुख्य खर्चात घ्या. ती पुरवणी समजून शेवटी कापू नका.

प्रत्येक विद्यापीठाने वायूची वेगळी चाचणी-पेटी उभारणे परवडणारे नाही, हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच सामायिक चाचणी केंद्र हवे. हरित हायड्रोजन मोहिमेतच चाचणी सुविधा आणि मानकांसाठी २०० कोटींची योजना २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यातून सेन्सरसाठी निदान एक खुले केंद्र पश्चिम किनाऱ्याजवळ उभारण्याची शिफारस आपण करू शकता. तिथले सगळे निकाल, चांगले आणि वाईट दोन्ही, उघड असावेत. धोक्याच्या जागेतल्या विद्युत उपकरणांना मंजुरी देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. त्यांचा प्रतिनिधी छाननीच्या पहिल्या बैठकीपासून बसवा, म्हणजे चिप तयार झाल्यावर मंजुरीसाठी तिची रचना पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.

या मागण्यांतली कोणती आपल्याला मान्य नाही आणि का, हे आपण लेखी आणि जाहीरपणे कळवावे. अडचण पैशाची असेल तर प्रकल्पांची संख्या निम्मी करा, पण घेतलेला प्रत्येक प्रकल्प दमट हवेपर्यंत नेऊ द्या. पुढच्या छाननीचा नमुना छापण्यापूर्वी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
हायड्रोजन सेन्सरवर काम करणारे काही संशोधक आणि तंत्रज्ञ